अपमानाच्या आधी सत्ता हलली पाहिजे

प्रश्न थोडक्यात असा: दीड-दोन मिनिटांच्या एपिसोडची मायक्रोड्रामा मालिका लिहून झाली आहे. गर्भश्रीमंत घराणं, मोठी कंपनी, अंथरुणाला खिळलेले वडील, तीन भावंडं आणि सगळे हिणवतात अशी धाकटी सून. दर एपिसोडला कुणाचा तरी पाणउतारा होतो, कुणाच्या तरी थोबाडीत बसते, ग्लासातली वाइन तोंडावर फेकली जाते. पंचविसाव्या एपिसोडला सून कंपनीची मालकीण निघते. वाचून दाखवलं तर ऐकणारे म्हणतात, "काही बदलल्यासारखं वाटलंच नाही." म्हणून विचारलंय की अपमान अजून तिखट करावेत का.

करू नका. तिखटाची कमी नाहीच आहे. आधी टीव्ही मालिका आणि आता मायक्रोड्रामा, यांच्या पटकथा लिहिणं आणि दुसऱ्यांच्या दुरुस्त करणं हेच माझं काम आहे. श्रीमंतांच्या घरातली गोष्ट घेऊन येणाऱ्या बहुतेक संहितांचं दुखणं हेच असतं: लेखक अपमानालाच सत्तापालट समजतो. अपमान ही सत्तापालटाची दवंडी असते. सत्ता त्याआधीच हललेली असते, बंद दाराआड, एका सहीने, एका फोनने, कुणाच्या तरी मरणाने. ते हलणं दाखवलंच नाही तर दवंडी कितीही जोरात पिटली तरी प्रेक्षकाला नुसता आवाज ऐकू येतो.

तुमच्याच घराण्याकडे बघू. सून 'मालकीण निघते' म्हणजे नक्की काय होतं, हे संहितेत कुठेच नाही. एक वकील येतो, कागद फडकवतो, सगळे अवाक होतात. त्याऐवजी आकडे मांडून बघा. समजा खासगी कंपनी आहे आणि शेअर असे आहेत: वडिलांचे 40 टक्के, थोरल्याचे 25, मधल्या बहिणीचे 20, धाकट्याचे 15. वडिलांनी अंथरुणावरून थोरल्याला कुलमुखत्यारपत्र दिलंय, त्यांच्या वतीने मत द्यायच्या अधिकारासकट. म्हणजे थोरल्याच्या हातात 65 टक्के. तो कुणाचंही काहीही ऐकून घ्यायला बांधील नाही. बहिणीला बैठकीत बोलू देत नाही, धाकट्याच्या बायकोला पाहुण्यांसमोर नोकरासारखं वागवतो.

आता वडील वारतात. मुखत्यारपत्र देणारा गेला की ते त्याच क्षणी संपतं, आणि हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. मृत्युपत्राचा वाद मिटेपर्यंत वडिलांचे 40 टक्के अडकून पडतात. मतदानाला उरले 60. त्यात थोरल्याचे फक्त 25, बहिणीचे आणि धाकट्याचे मिळून 35. ज्या बहिणीला त्याने वर्षानुवर्षं गप्प बसवलं, ती ज्या बाजूला जाईल ती बाजू जिंकणार. साधं बहुमत संचालकाला खुर्चीवरून हटवायला पुरतं. बहीण धाकट्याच्या बाजूला आली की थोरला जातो आणि त्या खुर्चीवर सून बसू शकते.

ही जागा सोन्याची आहे. वडील पहाटे गेले, आणि त्याच दिवशी दुपारी, घरात माणसं भेटायला येत असताना, थोरला नेहमीसारखा सगळ्यांदेखत बहिणीवर खेकसतो. "तुला कुणी विचारलंय? आत जा." संवाद तोच, जो तो पहिल्या एपिसोडपासून म्हणत आलाय. पण आदल्या तीस सेकंदांत आपण बहिणीला वकिलाशी फोनवर बोलताना पाहिलंय. प्रेक्षकाला माहीत आहे, त्याला माहीत नाही. तो अपमान तिचा राहत नाही, उच्चारल्या क्षणी त्याचा होतो. बहीण काही बोलत नाही आणि आतही जात नाही. उभी राहते. एवढंच. थोबाडीत मारण्याच्या दहा सीनमध्ये जे मिळत नाही ते इथे मिळतं, कारण आता प्रत्येक शब्दाला किंमत आहे.

लेखकाला कंपनी कायदा पाठ हवा असं नाही, पण सत्ता कुठल्या खिळ्यावर टांगलेली आहे हे माहीत हवं. श्रीमंतांच्या गोष्टीत पैसा सगळ्यांकडेच असतो, त्यामुळे पैशाने कुणी वर-खाली होत नाही. वर-खाली होतं ते नियंत्रणाने. खिळे पुष्कळ आहेत. भारतात आणि ब्रिटनमध्ये कंपनीच्या विशेष ठरावाला 75 टक्के मतं लागतात, म्हणजे 25 टक्क्यांहून किंचित जास्त मतं असलेला माणूस स्वतः काही मंजूर करून घेऊ शकत नाही, पण मोठे निर्णय अडवू शकतो. नकार देण्याची सत्ता! खलपात्राला यापेक्षा चांगलं हत्यार नाही. ट्रस्टमध्ये बंगल्यात राहणारा लाभार्थी वेगळा आणि निर्णय घेणारा विश्वस्त वेगळा. वारसाला मुलाच्या शिक्षणासाठीही विश्वस्ताची सही मागावी लागू शकते. गहाण ठेवलेल्या शेअरचा भाव पडला की सावकार जादा तारण मागतो, न मिळाल्यास शेअर विकतो. एका दुपारी भाव पडला म्हणून संध्याकाळच्या समारंभात यजमान बदलू शकतो. काही कंपन्यांत एका प्रकारच्या शेअरला एक मत आणि दुसऱ्या प्रकाराला दहा मतं असतात, त्यामुळे जास्त पैसा घातलेला माणूसही हरतो. नंतरचं मृत्युपत्र आधीचं रद्द करतं. यातला एकच खिळा निवडा आणि मालिका संपेपर्यंत तोच धरून ठेवा. तीन खिळे घेतलेत की प्रेक्षक हिशेब सोडून देतो, आणि हिशेब सुटला की अपमानही सुटतो.

हा साचा एवढा ताण का देतो तेही सांगतो, कारण तुमची अडचण काही अंशी तिथून आलीय. मायक्रोड्रामा मोबाइलवर उभ्या चौकटीत बघतात, एपिसोड एक-दोन मिनिटांचे, एका मालिकेत साधारण साठ ते शंभर. सुरुवातीचे काही, बहुधा दहाच्या आसपास, फुकट. पुढे कुलूप, तिथून प्रेक्षक पैसे देऊन किंवा जाहिराती बघून पुढचे उघडतो. चीनमध्ये हा व्यवसाय 2024 मध्ये 50 अब्ज युआनच्या वर गेला आणि तिथल्या चित्रपटगृहांच्या त्या वर्षीच्या गल्ल्याला त्याने मागे टाकलं. एवढा पैसा त्या कुलपावर उभा आहे. त्यामुळे निर्माता म्हणतो, कुलपाच्या आधी सगळ्यात मोठा अपमान हवा, आणि त्याची भरपाई कुलपाच्या पलीकडे. हे गणित चुकीचं नाही. पण लेखक घाबरून दर एपिसोडच्या शेवटी अपमान ठेवतो, आणि दहाव्या एपिसोडला पोचेपर्यंत प्रेक्षकाचं मन बधिर झालेलं असतं. कुलपाच्या तोंडाशी अपमानापेक्षा जास्त ओढ लावते ती प्रेक्षकाला ठाऊक असलेली आणि अपमान करणाऱ्याला ठाऊक नसलेली गोष्ट. वर सांगितलेला बहिणीचा सीन मी तिथे ठेवीन. सत्तर एपिसोडच्या मालिकेत खरे सत्तापालट चार-पाचच असावेत. मधले एपिसोड त्यांच्या हादऱ्यांचे.

आता अपमानाच्या जातीबद्दल. तुमच्याकडे सगळे अपमान आरडाओरड्याचे आहेत. ज्याची जागा पक्की आहे असा श्रीमंत माणूस ओरडत नाही, त्याला गरजच नसते. ओरडतो तो, ज्याची खुर्ची हलते आहे. म्हणून थोरल्याचा आवाज पहिल्या एपिसोडमध्ये अगदी शांत हवा, आणि जसजशी त्याची टक्केवारी घसरेल तसतसा चढत गेला पाहिजे. तुम्ही उलट केलंय: सुरुवातीला गर्जना, शेवटी गुडघे टेकणं. त्यात फक्त भाग्य फिरल्याचं दिसतं. आवाज चढत जाण्यात भीती दिसते, आणि भीती दिसली की तो माणूस होतो.

मोठ्या घरांत सगळ्यात खोल लागणारा अपमान सौजन्याचा असतो. याचा सर्वांत नेमका सीन महाभारताच्या सभापर्वात आहे. मयसभेत दुर्योधन स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजतो, मग पाण्याला जमीन समजून कपड्यांसकट त्यात पडतो. नोकर हसतात आणि राजाज्ञेवरून त्याला कोरडी, उत्तम वस्त्रं आणून देतात. भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात. पुढे हीच हकिकत दुर्योधन स्वतः सांगतो, तेव्हा हसणाऱ्यांची यादी बदललेली असते: त्याच्या सांगण्यात कृष्ण हसतो, द्रौपदी स्त्रियांसह हसते. आणि नोकरांनी वस्त्रं दिली त्याचं दुःख त्याहून जास्त झालं, असं तो म्हणतो. द्रौपदीच्या तोंडी लोकांनी घातलेलं 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे वाक्य भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत नाही; त्या वाक्याची गरजही नाही. पाहुणा राजपुत्र, त्याच्याइतक्याच श्रीमंत भावंडांच्या घरी, यजमानाच्या नोकरांकडून यजमानाचे कपडे घेतो. बदललेली पायरी तिथे दिसते. आणि अपमान झालेला माणूस मनात साक्षीदार वाढवत नेतो, हेही तिथेच शिकायला मिळतं. तुमच्या सुनेला जर कधी आपली कहाणी कुणाला सांगायची असेल, तर तिच्या सांगण्यात आपण पाहिलेल्यापेक्षा जास्त लोक हसलेले असू द्या.

म्हणजे साक्षीदार महत्त्वाचा. थोबाडीत बंद खोलीत बसली तर ती मारहाण. चार लोकांसमोर बसली तर दर्जा जातो. पण उभ्या चौकटीत चार लोक मावत नाहीत, ही खरी अडचण. आडव्या पडद्यावर एका बाजूला बसलेली सभा दाखवता येते, इथे दोन चेहरेसुद्धा जेमतेम शेजारी बसतात. मात्र उभी चौकट उंची फुकट देते. जिना, गॅलरी, बसलेला आणि उभा, पायाशी पडलेली वस्तू उचलायला वाकलेला माणूस आणि वर न बघणारा. साक्षीदार मागे, अंतरावर, थोडे धूसर ठेवा आणि त्यांच्यातला एकच निवडा, ज्याची नजर आपण पकडू. तो एक कोण हे फार विचारपूर्वक ठरवा. श्रीमंतांच्या घरात सत्ता हललेली सर्वांत आधी कळते ती सचिवाला, ड्रायव्हरला, दारावरच्या सुरक्षारक्षकाला, कारण कुणाचा हुकूम ऐकायचा यावर त्यांची नोकरी असते. भावंडांना नंतर कळतं. ज्याची सत्ता गेली त्याला सगळ्यांत शेवटी.

तुमच्या पंचविसाव्या एपिसोडचं मी काय करीन ते लिहून दाखवतो. वकील आणि फडकवलेला कागद काढून टाका.

थोरला लिफ्टपाशी येतो. रोजच्यासारखं लिफ्ट धरून ठेवलेली असते; तो न बघता आत शिरतो. आत सून उभी आहे, आणि तिच्या बाजूला त्याची सचिव. तो नेहमीच्या सवयीने, समोर बघतच, हातातली फाइल बाजूला धरतो. रोज ती घेतली जाते. आज कुणी घेत नाही. फाइल हवेत राहते. दोन सेकंद धरा. उभ्या चौकटीत दोन सेकंद पुष्कळ होतात. तो मान वळवतो. सचिव जमिनीकडे बघते आहे. सून म्हणते, "दादा, मी धरू का?" खरंच मदत करावी तसं. तो फाइल छातीशी घेतो. मजला येतो. काचेच्या दाराला तो कार्ड लावतो, लाल दिवा. पुन्हा लावतो, लाल. सून तिचं कार्ड लावते, दार उघडतं, आणि ती दार धरून बाजूला होते. "या ना." तिच्या आवाजात विजय नको, अजिबात नको. तो तिने धरलेल्या दारातून आत जातो. कट.

यात एकही अपशब्द नाही, आणि तरी तीन गोष्टी गेल्या: माणूस, दार आणि आधी आत जाण्याचा मान. पण हे चालतं ते आधी दोनदा, कुठलाही भर न देता, सचिवाने फाइल घेतलेली दाखवली असेल तरच. पहिल्या पाच एपिसोडमध्ये एकदा आणि पंधराव्याच्या आसपास एकदा. पेरणी केली नाही तर लाल दिवा म्हणजे नुसतं बिघडलेलं यंत्र वाटेल.

संबोधनंही अशीच पेरा. 'तू' म्हणणारा 'तुम्ही'वर येतो, 'साहेब' म्हणणारा नुसतं नाव घेतो, हे मराठीत आपल्याला आयतं मिळालेलं आहे. फक्त त्यावर पार्श्वसंगीत आदळू नका.

परतफेडीबद्दल एक आग्रह. झालेला अपमान हे कर्ज आहे आणि प्रेक्षक त्याचा हिशेब ठेवतो. फेड त्याच जागी, त्याच वस्तूने, शक्यतो त्याच साक्षीदारासमोर व्हावी. तुमच्याकडे सुनेवर वाइन जेवणाच्या टेबलावर फेकली जाते आणि फेड होते पार्किंगमध्ये, पोलिसांकडून. तो सूड प्रेक्षकाच्या खात्यात जमा होतच नाही. तिला पुन्हा त्याच टेबलाशी बसवा. मात्र तिने वाइन फेकायची नाही. तिने तीच कृती उलटी केली की तिची सत्ता थोरल्याच्या सत्तेसारखीच ठरते, आणि मग एवढे एपिसोड आपण कुणाची बाजू घेतली हा प्रश्न पडतो. तिने त्याचा ग्लास भरावा आणि बाकीच्यांनी कामाचं बोलणं तिच्याशी सुरू करावं. त्याच्याशी कुणीच काही बोलू नये. ज्याला आयुष्यभर मधेच कुणी तोडलं नाही, त्याचं वाक्य अर्ध्यावर सोडून लोक दुसरीकडे वळले तर ते त्याला पुरेसं आहे.

लपवलेल्या ओळखीचा मोह तुम्हाला झालेला दिसतो: सून मुळात दुसऱ्या, आणखी मोठ्या घराण्याची मुलगी असल्याचं चाळिसाव्या एपिसोडला कळतं. हा ट्विस्ट या प्रकारात सर्रास चालतो, आणि मला तो मनापासून खटकतो. ती मुळातच सगळ्यांपेक्षा श्रीमंत होती, म्हणजे तिला एका फोनने कधीही सगळं थांबवता आलं असतं. मग तिने सोसलेल्या अपमानाला वजन उरत नाही. वाईट म्हणजे गोष्टीचा अर्थ असा होतो की तिला हिणवणं चूक होतं, कारण ती श्रीमंत होती. ती गरीब असती तर चाललं असतं का? चीनच्या रेडिओ-दूरदर्शन नियामकाने नोव्हेंबर 2024 मध्ये 'दबंग मालक' छापाच्या, म्हणजे श्रीमंत, अरेरावी कंपनीमालक नायक असलेल्या मायक्रोड्रामांबाबत सूचना काढून त्यांची संख्या कमी करा, दर्जा वाढवा, संपत्तीचं प्रदर्शन आणि सत्तेची पूजा टाळा असं सांगितलं. सरकारने गोष्टींत किती हात घालावा हा वेगळा वाद, पण त्यांनी ज्या दुखण्यावर बोट ठेवलं ते खरं आहे. ओळख लपवायचीच असेल तर लपवण्याला किंमत लावा: ओळख सांगितली तर ती काहीतरी कायमचं गमावेल, आणि ते काय हे प्रेक्षकाला तिसऱ्या एपिसोडपर्यंत कळलेलं असेल. आणि तिसाव्याच्या आसपास एकदा तरी ती सांगण्याच्या काठावर येऊन मागे फिरली पाहिजे.

त्याच कारणाने, नोकरांना मारहाण किंवा शिवीगाळ होतानाचे जे चार सीन तुम्ही 'थोरला किती दुष्ट आहे' हे दाखवायला घातलेत, त्यातले तीन काढा. चौथा ठेवा आणि त्या नोकराला पुढे काहीतरी करू द्या. ज्याचा अपमान फक्त दुसऱ्याचा स्वभाव दाखवायला वापरला आणि मग जो गोष्टीतून गायब झाला, त्याला थोरल्याने एकदा वापरलं आणि लेखकाने दुसऱ्यांदा. त्या ड्रायव्हरनेच सचिवाला आधी सांगितलं की साहेबांची गाडी उद्यापासून दुसरीकडे जाणार आहे, एवढंसुद्धा पुरे.

अपमानानंतरची वीस सेकंदं तुमच्या संहितेत कुठेही नाहीत. थोबाडीत बसली की कट. चेहरा या माध्यमाची ताकद आहे, प्रेक्षकाच्या तळहातावर तो अगदी जवळ असतो. अपमान झाल्यावर माणूस कुठे जातो ते दाखवा: बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहतो, गाडीत बसून किल्ली फिरवत नाही, फोन काढून कुणाला लावावा हे न सुचून परत खिशात ठेवतो. थोरल्यालाही ही वीस सेकंदं द्या, विशेषतः त्याला. काचेच्या दारातून आत गेल्यावर तो आपल्या केबिनपाशी पोचतो, तिथे नावाची पाटी अजून त्याचीच आहे, आणि तो ती वाचतो. पुढचा एपिसोड बहिणीवर उघडा. तिला अजून कुणी विचारलेलं नाही की तिला स्वतःला काय हवंय, आणि 20 टक्के तिच्याकडेच आहेत.